घाडीने न खाल्लेला मोहिंगा

आमची पोस्ट म्यानमारच्या सीमेवर होती. डोंगराच्या धारेवर सात बंकर, एक हेलिपॅड, आणि खाली दीड तासाच्या उतारावर नदी. नदीपलीकडे दुसरा देश. पोस्टचं नाव लिहीत नाही. नोकरी सुटली तरी तो नियम सुटत नाही. मी तेव्हा नाईक होतो, दुसऱ्या सेक्शनचा टू-आय-सी. सेक्शन कमांडर हवालदार शेलार, त्यांच्यानंतर मी. हुकूम ते द्यायचे. तो वेळेवर पाळला जातो की नाही हे बघणं माझं काम.

तिकडे सूर्य लवकर उगवतो. मे महिन्यात साडेचारला लख्ख उजेड असतो. ०३४५ ला स्टँड-टू, म्हणजे सगळे हत्यारासह मोर्चात. ०४४५ ला स्टँड-डाऊन. ०६०० ला रोड ओपनिंग पेट्रोल निघायचं, गाड्या सुटण्याआधी रस्ता पायी तपासत जायचं. मधल्या सव्वा तासात दाढी, रायफल, नाश्ता. लंगरमध्ये पुऱ्या आणि बटाट्याची भाजी. मंगळवारी बटाट्याची भाजी आणि पुऱ्या.

गेटपासून ऐंशी पावलांवर निळ्या ताडपत्रीखाली एक स्टॉल होता. नदीपलीकडची गावं जळाल्यावर जी माणसं इकडे आली, त्यांतली एक बाई तो चालवायची. दॉ तिन तिचं नाव. ‘दॉ’ म्हणजे आपण काकी म्हणतो तसं. साठीची, बारीक, गालांवर कसल्याशा खोडाचं पिवळसर उगाळण लावलेलं. पहाटे पाच ते सात एवढीच विक्री. एकच पदार्थ, मोहिंगा.

लान्स नाईक सुशांत घाडीने तो बाऊल पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा मी शेजारी होतो.

“कदम, हे शिरवाळे आहेत.”

“काय आहेत?”

“तांदळाचे शिरवाळे रे. आई साच्यातून पाडते. वर नारळाचा गोड रस.” मग त्याने चमचा बुडवला आणि थांबला. “ह्यांनी वर माशाचं कालवण ओतलंय. आईने बघितलं तर ह्यांना शिकवायला इथपर्यंत येईल.”

तो बाऊल त्याने संपवला आणि दुसरा मागितला.

घाडी चिंचपोकळीचा, मी परळचा. त्याच्या चाळीपासून माझी चाळ पंधरा मिनिटं चालत. दोघांचे आजोबा गिरणीत, एकाच संपात घरी बसलेले. तरी आमची ओळख झाली ती ट्रेनिंग सेंटरमध्ये, डोकं भादरायच्या रांगेत. त्याचं गाव देवगडकडे. बोलण्यात मालवणी सुटायची ती फक्त आईशी फोनवर आणि रागात.

मोहिंगा म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. नदीचा मांगूरसारखा मासा हळद आणि गवती चहा घालून उकडायचा. काटे काढून मांस कुसकरायचं, कांदा, आलं, लसणावर परतायचं. भाजलेल्या तांदळाचं पीठ लावून रस दाट करायचा. त्यात केळीच्या गाभ्याच्या चकत्या. हा रस तांदळाच्या शेवयांवर ओतायचा. वर अर्धं उकडलेलं अंडं, कोथिंबीर, लिंबू, भाजलेल्या मिरचीचा चुरा आणि कुरकुरीत डाळवडा चुरून. धुकं उतरलेलं असताना हा बाऊल दोन्ही हातांत धरला की बोटं आधी जिवंत व्हायची, मग माणूस.

बाहेरचं खायचं नाही, अशी स्टँडिंग ऑर्डर होती. पहिल्या आठवड्यात हवालदार शेलारांनी आम्हा दोघांना ताडपत्रीखालून उठवून झापलं. तिसऱ्या आठवड्यात ते स्वतःच आपला चहाचा मग घेऊन आले.

“टेस्टिंग आहे,” ते म्हणाले. “सुरक्षेसाठी.”

“रोज टेस्टिंग, साहेब?” घाडीने विचारलं.

“विष काय एकाच दिवशी घालतात?”

घाडीच्या ट्रंकेत आईने दिलेली सोलं होती, आमसुलं. एकदा त्याने दोन सोलं बाऊलमध्ये टाकली. दॉ तिनने ती चमच्याने काढली, वास घेतला आणि कोंबडीकडे फेकली. कोंबडीनेही तोंड लावलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र तिने हात पुढे केला. “दे,” ती म्हणाली. तिला येणारे हिंदी शब्द पाच-सहा, त्यांतला हा एक. त्यानंतर घाडीच्या बाऊलमध्ये एक सोल तीच टाकायची.

रविवारी हेलिपॅडच्या एका कोपऱ्यात फोनला रेंज मिळायची. घाडी आईला रोज काय खाल्लं ते सांगायचा. सुट्टीत आलो की करून घालतो, म्हणायचा. त्याच्या आईला मी काकी म्हणायचो; काकी पलीकडून काय म्हणायच्या ते ऐकू यायचं नाही, पण घाडी हसत सुटायचा. मग फोन ठेवून थोडा वेळ तिथेच उभा राहायचा. मीही राहायचो. तिथून पश्चिमेला नुसते डोंगर दिसायचे, एकामागे एक.

मेच्या शेवटच्या आठवड्यात दोन दिवस सलग पाऊस कोसळला. तिसऱ्या दिवशी पहाटे उघडीप मिळाली. स्टँड-डाऊन वेळेवर झाला. दोन दिवस दॉ तिनचा स्टॉल बंद होता, त्या दिवशी तिने चूल पेटवली. ०५४० ला घाडी ताडपत्रीखाली बसला. आदल्या रात्री ड्यूटीमुळे तो नीट जेवला नव्हता. बाऊल त्याच्यापुढे आला. अजून वाफ निघत होती, तो लिंबू पिळत होता.

०५४५ ला माझ्या रेडिओवर मेसेज आला.

“चार्ली टू, फॉर चार्ली. मेसेज, ओव्हर.”

“चार्ली टू. पाठवा, ओव्हर.”

“किलोमीटर चौदावर दरड. शाळेची खोली दबली आहे. आत माणसं. क्यूआरटी ताबडतोब गेटवर. ओव्हर.”

“विल्को. आऊट.”

क्यूआरटी म्हणजे तातडीला निघणारी तुकडी, त्या दिवशी आमचंच सेक्शन. शाळेच्या त्या खोलीत नदीपलीकडून आलेली कुटुंबं झोपत असत. मी ताडपत्रीपाशी धावलो.

“घाडी, उठ. फॉल-इन.”

“दोन घास रे.”

“आल्यावर खा. उठ.”

तो उठला. वाद घातला नाही. बाऊल फळीवर ठेवला, दॉ तिनला हाताने खूण केली, परत येतो. तिने त्यावर ताटली झाकली.

०५४८ ला सेक्शन गेटवर उभं होतं. फावडी, दोर, स्ट्रेचर सगळं तयार. गाडी आली ०५५८ ला. चिखलात तिचं मागचं चाक रुतलं होतं. दहा मिनिटं आम्ही उभे होतो. ताडपत्री समोर दिसत होती.

नियमाने माझं काहीच चुकलं नाही. क्यूआरटी गेटवर तीन मिनिटांत हवी, ती आली. गाडीला उशीर होणार हे मला माहीत नव्हतं. हे मी स्वतःला बऱ्याच वेळा सांगितलं आहे.

०६२० ला किलोमीटर चौदावर पोहोचलो. शाळेचा अर्धा भाग रस्त्यावर उतरला होता. पत्रा दुमडून खाली एक पोकळी राहिली होती, माणूस पोटावर सरपटत जाईल एवढी. आतून आवाज येत होते. घाडी आमच्यात सगळ्यात सडपातळ. तो म्हणाला, “मी जातो.” हवालदार शेलारांनी त्याच्या कमरेला दोर बांधला. त्याचं दुसरं टोक माझ्याकडे.

०६३५ ते ०७४० या वेळात त्याने चौघांना बाहेर ढकललं. तीन बायका, एक पुरुष. प्रत्येक वेळी आतून ओरडायचा, “घे,” आणि मी पाय किंवा खांदा हाताला लागेल तो ओढायचो. चौथ्यानंतर तो तोंड बाहेर काढून श्वास घेत पडला. चेहरा चिखलाने एकसारखा झाला होता.

“अजून एक म्हातारा आहे. पाय वाशाखाली आहे.”

“किती वेळ?”

“बघतो.”

०७५० ला वरच्या उतारावरून बारीक खडे पडायला लागले. हवालदार शेलारांनी शिटी मारली. मी दोर दोनदा खेचला. दोन झटके म्हणजे बाहेर ये.

“घाडी, बाहेर!”

“एक मिनिट. सुटतोय.”

०७५२ ला दुसरी दरड आली. आवाज फार मोठा नव्हता. वाळूची गाडी रिकामी करताना होतो तसा. एक वासा माझ्या डाव्या गुडघ्यावर आला. दोर माझ्या हातात होता, पण पलीकडून काही लागत नव्हतं.

दुपारी १४१० ला ते सापडले. घाडी आणि तो म्हातारा एकत्र. घाडीचे दोन्ही हात म्हाताऱ्याच्या काखेखाली होते. हे मला हवालदार शेलारांनी हॉस्पिटलमध्ये सांगितलं. त्यांनी आणखी एक सांगितलं, मी विचारलं नव्हतं तरी. दॉ तिनने तो झाकलेला बाऊल संध्याकाळपर्यंत फळीवरून हलवू दिला नाही.

नवव्या दिवशी काकींचा फोन आला. मिलिटरी हॉस्पिटलमध्ये नर्सने माझ्या कानाला लावला. मला वाटलं, कसा गेला ते विचारतील. मी तयारी केली होती.

“अनिकेत,” त्या म्हणाल्या, “सकाळी कायतरी खाल्ल्यान मां त्येना?”

बाकी काहीच विचारलं नाही.

“हो काकी. मोहिंगा खाऊन निघाला. पोटभर.”

“पोटभर?”

“पोटभर.”

“बरा झाला,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी ज्या घरात वाढलो त्यात देवाचे फोटो कमी आणि पत्रकं जास्त होती. आजोबा युनियनची पत्रकं लिहायचे. मी अक्षरं त्यांवरून शिकलो. ते म्हणायचे, पत्रकात एक वाक्य खोटं निघालं की सगळं पत्रक मालकाच्या कामाचं. त्या घरातल्या मुलाने हे एक वाक्य खोटं सांगितलं होतं. तेही अशा बाईला, जिने दुसरं काही मागितलंच नाही.

गुडघ्यामुळे मेडिकल बोर्डाने मला घरी पाठवलं. काठी घेऊन परळला आलो. पहिले कित्येक दिवस पहाटे पावणेचारला जाग यायची. खिडकीतून समोरच्या टॉवरचे दिवे दिसायचे. जिथे आजोबांचं गिरणीतलं खातं होतं तिथे आता काचा आहेत. मी पडून राहायचो आणि मला धूर, गवती चहा, उकडलेला मासा असा वास यायचा. घरात कुणालाच यायचा नाही. आई म्हणायची, शेजारी बोंबील भाजत असतील.

चिंचपोकळीला घाडीच्या चाळीच्या तोंडाशी फ्लेक्स लागला होता. घाडीचा फोटो, मागे रणगाडा, आणि खाली ‘शत्रूशी लढताना वीरमरण’. घाडीच्या फोटोपेक्षा खालचे शुभेच्छुक मोठे होते. घाडीने आयुष्यात रणगाडा बघितला तो सव्वीस जानेवारीला टीव्हीवर. मी मंडळात गेलो. बाळा नावाचा कार्यकर्ता कॅरम खेळत होता.

“हे खोटं आहे. तो दरडीत गेला, माणसं काढताना. तसं लिहा.”

“कदम, तू बस आधी,” तो म्हणाला. “दरड म्हटलं की लोक नगरसेवकाला शिव्या घालतात. शत्रू म्हटलं की फुलं घालतात. तुला काय हवंय?”

“खरं हवंय.”

“तुझं काय जातं रे एवढं खऱ्याखोट्यात?”

मी तीन संध्याकाळी जाऊन भांडलो. चौथ्या दिवशी फ्लेक्स उतरला आणि साधा फलक लागला, त्यावर जे घडलं ते. मला अभिमान वाटायला हवा होता. फलकासमोर उभा राहून मी वाचला आणि काकींच्या दाराकडे न बघता परतलो.

वर्ष होत आलं तेव्हा काकींनीच निरोप पाठवला. मे महिना, अर्धी चाळ गावाला गेलेली, दाराला दारं बंद. काकी गेल्या नव्हत्या. खोलीत चटईवर बसून नारळ खवत होत्या.

“बस. पाय लांब कर. परवा भटजींचा आटापला की तेरवा तिखटाचा पान,” त्या म्हणाल्या. त्यांच्या घराची रीत अशी, की वर्षश्राद्ध झाल्यावर दुसऱ्या दिवशी गेलेल्याच्या नावाने मासे-मटणाचं पान वाढायचं. आणि त्या पानावर आधी तो पदार्थ ठेवायचा, ज्याची त्याला ओढ राहिली असेल. पोटभर खाऊन झालेलं ठेवायचं नाही.

“ता शिरवाळ्यांचा आणि माशांचा तेना पोटभर खाल्ल्यान, तू सांगलंस,” काकी म्हणाल्या. “म्हणजे ता नको. मी म्हणतंय कोंबडी-वडे करूया. गेल्या सुट्टीत वडे कमी पडले होते त्येका. तुका काय वाटता?”

श्राद्धावर माझा विश्वास नाही. आजोबांनी त्याविरुद्ध पत्रक काढलं होतं, ते मला पाठ आहे. मेलेल्या माणसाला भूक नसते. हे मी कुणाशीही वाद घालून सिद्ध करीन. पण काकींचा विश्वास होता, आणि त्या माझ्या शब्दावर पान वाढणार होत्या. नेमकं जे ठेवायला हवं ते माझ्यामुळे राहणार होतं. गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं.

“काकी, तो खाऊन नाही गेला.”

खवणीचा आवाज थांबला.

“बाऊल त्याच्यापुढे होता. लिंबू पिळत होता. मी उठवला. दोन घास म्हणाला, मी आल्यावर खा म्हणालो.” एवढ्यावर थांबता आलं असतं. “गाडी मग उशिरा आली. दहा मिनिटं आम्ही गेटवर नुसते उभे होतो.”

काकींनी खवणीचं पातं पदराने पुसलं. खूप सावकाश.

“तू उठवलंस?”

“हो.”

“हुकूम होतो?”

“हो. पण दहा मिनिटं—”

“गाडी येवची ती येतली. ता तुझ्या हातात नाय.” मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. “माका वरीसभर फसवलंस, ता तुझ्या हातात होता.”

मी काठी उचलून मांडीवर आडवी घेतली.

“रोज जेवताना म्हणी मी, माझो झील पोटभर खावन गेलो. एक घास त्याच्यावर उतरे माझो.” त्यांचा आवाज तेवढाच राहिला. “आता कसो उतरतलो?”

खाली कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. ती सुरू झाली तेव्हा काकींनी खवणी बाजूला सारली.

“काय काय लागता त्येका?” काकींनी विचारलं.

“कशाला?”

“त्या तुमच्या मोहिंग्याक. साचो वर माळ्यार आसा. शिरवाळे मी पाडतंय. कालवण तू करतलंस. माका येना नाय आणि तू बघितलंस.” मी उठायला लागलो तशा त्या म्हणाल्या, “आणि जावन चार दिवसांनी इलंय असा करू नको. तेरवा म्हणजे तेरवा.”

पान वाढायच्या दिवशी सकाळी मी दादरला फुलबाजारात गेलो. केळीचा खांब मागितला.

“पूजेला चार लागतात,” विकणारा म्हणाला.

“एकच द्या. खायचाय.”

त्याने मला काठीसकट वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सर्वांत जून खांब काढला. मी कोवळा मागून घेतला. लालबागच्या बाजारात शिंगाळा घेतला, समुद्रातला, कारण नदीचा तो मासा इथे मिळेना. कोळीण म्हणाली, “सैनिक दिसतोस चालीवरून. शिंगाळा काय नेतोस, सुरमई घे. देशसेवा केलीस ना?” मी म्हटलं, घाडीला हाच लागतो. तिने पुढे विचारलं नाही, मासा साफ करून दिला.

काकींच्या गॅसवर मी मासा उकडला. काटे काढायला दोन तास लागले. त्या समोर बसून साचा दाबत होत्या, शिरवाळे केळीच्या पानावर पडत होते. “कांदो जाळू नको,” एवढंच मध्ये म्हणाल्या. रस दाट झाला तेव्हा मी चाखला. दॉ तिनच्या हाताची चव त्यात नव्हती. समुद्राच्या माशाला नदीचा चिखलवास येत नाही, आणि गॅसला धूर नसतो. तरी गवती चहाची वाफ नाकात गेली आणि मला धुकं लागलं. मी गॅसकडे तोंड करून थोडा वेळ तसाच उभा राहिलो. काकींनी बघितलं आणि दुसरीकडे बघितलं.

भर दुपारी एकला सगळं तयार झालं. काकींनी घाडीच्या फोटोसमोर पान मांडलं. शिरवाळे, वर रस, अर्धं अंडं, लिंबू. एक सोल. मग त्यांनी शेजारी तसंच दुसरं पान मांडलं आणि शिरवाळे वाढायला लागल्या.

“हे कुणाचं, काकी?”

“त्या म्हाताऱ्याचा. थयलोच मां तो? त्येच्या घरचा जेवाण ह्या. माझ्या झिलान वाढून घेतल्यान आणि तो बाजूक बसान बघतलो काय?” त्यांनी रस वाढला. “नाव काय त्येचा?”

“माहीत नाही. कुणालाच कळलं नाही. खोलीतून निघालेले चौघं त्याला ओळखत नव्हते.”

“अंडा दी हडे.”

मी अंड्याचा दुसरा अर्धा दिला. त्यांनी तो त्या पानावर ठेवला, लिंबू पिळलं, हात जोडले.

“सुशांत, जेव रे बाबू,” त्या म्हणाल्या. मग दुसऱ्या पानाकडे वळून, “तुम्ही पण बसा.”

त्यांनी दार ओढून घेतलं. आम्ही बाहेर गॅलरीत उभे राहिलो, बंद दारांसमोर. ते जेवेपर्यंत बाहेर थांबायचं असतं.